लिबरल पक्ष कोसळला, लाभ मात्र हुजूर पक्षाचा : थ्रेड

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील लिबरल पक्ष संपला आणि त्याची जागा मजूर पक्षाने घेतली, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. मजूर पक्षाने घेतली ती विरोधी बाकांवरची जागा. १९१८ ते १९३९ या काळातून दोन मजूर सरकारांची जेमतेम तीन वर्षे वगळली, तर उरलेल्या काळात सत्तेचा आधार हुजूर पक्षाचे खासदारच होते.

आता मागे जाऊ. १९०६ मध्ये ६७० पैकी सुमारे ४०० जागा लिबरल पक्षाकडे होत्या. मजूर उमेदवार २९ ठिकाणी निवडून आले, तेही मुख्यतः १९०३ च्या एका गुप्त समझोत्यामुळे. हर्बर्ट ग्लॅडस्टन आणि रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी काही मतदारसंघांत एकमेकांच्या वाटेत न येण्याचे ठरवले होते. हुजूरविरोधी मते फुटली की काय होते, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. पुढच्या वीस वर्षांत हेच शहाणपण हरवले.

डिसेंबर १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ यांना बाजूला सारून लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले ते हुजूर पक्षाच्या पाठबळावर. पक्ष उभा चिरला गेला. १९१८ च्या निवडणुकीत लॉइड जॉर्ज आणि बोनार लॉ यांच्या सहीचे शिफारसपत्र सुमारे दीडशे लिबरल उमेदवारांना मिळाले, इतरांना नाही. १८८६ पासून राखलेल्या ईस्ट फाइफमध्ये खुद्द अ‍ॅस्क्विथ पराभूत झाले.

मात्र नेत्यांच्या भांडणापेक्षा मोठी चूक कायद्याच्या मसुद्यात घडली, आणि तिची चर्चा फारच कमी होते. १९१७ मध्ये सभापतींच्या अध्यक्षतेखालील परिषदेने मोठ्या शहरांसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि अन्यत्र पसंतीक्रमाने मतदान सुचवले होते. कनिष्ठ सभागृहाने पहिली सूचना फेटाळली, वरिष्ठ सभागृहाने दुसरी. काही विद्यापीठ मतदारसंघ सोडले, तर 'सर्वाधिक मते तो विजयी' हीच पद्धत कायम राहिली. पंतप्रधानपदी लिबरल नेता असताना हे झाले! त्याच १९१८ च्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे ७७ लाखांवरून २ कोटींच्या पुढे नेली. मतदार नवे, मोजणी जुनी.

परिणाम पाहा. १९२३ मध्ये मजूर पक्षाला ३०.७ टक्के मते आणि १९१ जागा, लिबरल पक्षाला २९.७ टक्के मते आणि १५८ जागा. फरक एका टक्क्याचा, पण तिसरा तो तिसराच. जानेवारी १९२४ मध्ये अ‍ॅस्क्विथ यांच्या पाठिंब्याने मॅकडोनाल्ड पहिले मजूर पंतप्रधान झाले.

नऊ महिन्यांत पुन्हा निवडणूक लागली. मतदानाच्या चार दिवस आधी 'डेली मेल'ने झिनोव्हिएव्हच्या नावाचे बनावट पत्र छापले, आणि मजूर पक्षाचा पराभव बहुतेकदा त्या पत्राच्या खाती मांडला जातो. परंतु मजूर पक्षाची मते त्या वेळी दहा लाखांनी वाढली होती. घटल्या त्या ४० जागा. कोसळला तो लिबरल पक्ष : १५८ वरून ४० वर. पैशाअभावी त्याला शंभराहून अधिक मतदारसंघांत उमेदवारच देता आले नव्हते. तिथल्या मध्यममार्गी मतदाराला हुजूर की मजूर एवढेच निवडायचे होते, आणि पुष्कळांनी हुजूर निवडले. बाल्डविन यांना चारशेहून अधिक जागा मिळाल्या.

(मराठी वृत्तपत्रांनी हुजूर-मजूर अशी यमकाची जोडी केव्हाच जमवली. तिसऱ्याला त्या यमकातही जागा नाही.)

ही पडझड आपल्याकडेही पोहोचली होती. गोखल्यांच्या मवाळ राजकारणाचा भरवसा मोर्ले यांच्यासारख्या लिबरल मंत्र्यांवर होता. १९१८ च्या अखेरीस लंडनला पोहोचलेल्या टिळकांनी मात्र मजूर पक्षाशी संधान बांधले. विलायतेतील वारा कुठे वळतो आहे, हे त्यांनी अनेक लिबरल नेत्यांच्या आधी ओळखले, असे म्हणायला हरकत नाही.

१९२९ मध्ये लॉइड जॉर्ज यांच्या बेकारीनिवारणाच्या धाडसी कार्यक्रमाला ५० लाखांहून अधिक मते पडली. जागा मिळाल्या ५९. १९५१ पर्यंत उरल्या सहा.

'लिबरल इंग्लंड' १९१४ पूर्वीच मरणपंथाला लागले होते, असे जॉर्ज डेंजरफिल्ड यांनी १९३५ मध्ये मांडले. ते पुस्तक मोहक आहे, पण २९.७ टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला नऊ वर्षांपूर्वीच मृत ठरवणे पटत नाही. मतदार होते; त्यांचे जागांत रूपांतर करणारी पद्धत नव्हती, आणि ती आणण्याची संधी हातची घालवली गेली.

२०११ मध्ये या पक्षाच्या वारसांना, लिबरल डेमोक्रॅट्सना, हुजूर पक्षासोबत सत्तेत असताना पसंतीक्रमाच्या मतदानावर सार्वमत मिळाले. ६७.९ टक्के मतदारांनी नकार दिला. २०१५ मध्ये त्यांच्या जागा ५७ वरून ८ वर आल्या. गमावलेल्या ४९ पैकी मजूर पक्षाकडे १२ गेल्या, स्कॉटिश नॅशनल पार्टीकडे १०, आणि सत्तेतील जोडीदार हुजूर पक्षाकडे २७. कॅमेरन यांना त्या निवडणुकीत मिळालेले बहुमत अवघे १२ चे होते.