तळघरातील वाढीव खोली

गृहसुधारणा कर्जाच्या अर्जासोबत जोडलेल्या अंदाजपत्रकात कधीकधी एक बाब आढळते. तळघराच्या भिंतींना आतून पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर जिप्समचे तक्ते, वर रंग आणि दिवे. एवढ्या खर्चात घराला एक खोली वाढते, असा हिशेब त्यामागे असतो. झाशीसारख्या शहरात ही कल्पना भुरळ पाडणारीच आहे. मे महिन्यात येथील पारा 45 अंशांपलीकडे जातो. वरचा मजला तापलेला, मुलांना अभ्यासाला जागा हवी आणि पायांखाली थंडगार जागा रिकामी पडलेली! तरीही अशा खोलीसाठी कर्ज मागू नये आणि बँकेने ते देऊही नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळघर आपल्याला नवे नाही. 1742 मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले आणि मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावू लागली. उत्तरेकडील उन्हाळ्याशी त्यांचा परिचय झाला, तसा ‘तहखाना’ या शब्दाशीही झाला असणार. आग्र्याच्या किल्ल्यात असे तहखाने आजही आहेत. जमिनीखाली काही हात गेले की तापमान वर्षाच्या सरासरीजवळ स्थिरावते, हे त्यांच्या गारव्याचे साधे कारण. परंतु कोरड्या उन्हाळ्यातील दुपार घालवण्याची जागा वेगळी आणि बारा महिने रात्री निजण्याची खोली वेगळी.

पाऊस सुरू झाला की हाच गारवा उलटतो. बाहेरची दमट हवा थंड भिंतीला स्पर्श करताच तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. दगड-चुन्याची भिंत उघडी असेल तर ओल दिसते आणि हवा खेळती ठेवल्यास काही दिवसांत सुकतेही. तक्त्यांमागे मात्र ती साचून राहते. तेथे बुरशी धरते. सांगाडा लाकडी असल्यास वाळवीला आमंत्रणच. त्यात बुंदेलखंडाची जमीन ग्रॅनाइटची. अखंड खडकात पाणी फारसे जिरत नाही, ते वरच्या भुसभुशीत थरात साठते. अशा खडकात खोदलेले तळघर म्हणजे एक हौदच होय. बाहेर अडीच मीटर पाणी उभे राहिल्यास भिंतीच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे अडीच टन दाब पडतो. तो दाब अडवण्याची तजवीज बांधकामाच्या वेळीच, बाहेरच्या बाजूने करावी लागते. आतून लावलेला तक्ता त्यावर केवळ पडदा टाकतो.

परदेशी राहणाऱ्या आप्तांची सुसज्ज तळघरे पाहून अनेकांना हा मोह होतो. उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात गोठणाऱ्या मातीच्या थराखाली पाया न्यावा लागतो. तेवढे खोदकाम होतेच, म्हणून तेथे तळघराची प्रथा रुजली. मात्र तेथील निवासी बांधकाम संहितेनुसार तळघरात शयनगृह करायचे असल्यास माणूस थेट बाहेर पडू शकेल एवढी खिडकी किंवा दार आवश्यक असते. एवढे असूनही 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्क शहरात पाऊस कोसळला तेव्हा तेथील 13 मृतांपैकी 11 जण तळघरातील घरांमध्ये दगावले. त्यांतील बरीच घरे बेकायदा होती.

आपल्याकडील उदाहरण अधिक जवळचे आहे. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या तळघराला परवानगी वाहनतळ व सामान साठवण्याची होती, प्रत्यक्षात तेथे वाचनालय चालत होते. बाहेर दोन फूट पाणी साचले तरी तीन फूट रुंद दारावर दीडशे किलोहून अधिक भार येतो. ते दार बाहेर उघडणारे असेल तर आतील मुलाला ते ढकलता येणार नाही.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत तळघराचे उपयोग ठरवून दिलेले आहेत: घरगुती सामान, वाहनतळ, यंत्रसामग्री आणि, गंमत म्हणजे, बँकांच्या तिजोऱ्यांचे कक्ष. निवास त्यात नाही. त्यामुळे ‘घर आमचे, पैसा आमचा, बँकेला काय?’ हा प्रश्न ग्राहकाने विचारला, तर त्याचे उत्तर द्यायला हवे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये बँकांना निर्देश दिले: घरबांधणीचे कर्ज देताना मंजूर नकाशा घ्यावा आणि नकाशाबाहेर काम करणार नाही असे शपथपत्र कर्जदाराकडून घ्यावे. 17 डिसेंबर 2024 रोजी मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्णत्वाचा अथवा भोगवटा दाखला पडताळूनच इमारतीच्या तारणावर कर्ज द्यावे, असे बजावले. नकाशात ‘साठवण’ लिहिलेल्या जागेत शयनगृह उभे राहिले, तर कर्जदाराने स्वतःच्या शपथपत्राचाच भंग केलेला असतो. शिवाय, या खोलीसाठी खर्च झालेली रक्कम तारणमूल्यात धरता येत नाही. विकताना ती मिळत नाही, हप्ते मात्र भरावेच लागतात.

सहकाऱ्यांनाही एक विनंती. असे काम ‘अंतर्गत सजावट’ या मथळ्याखाली सरकवून अर्ज मार्गी लावण्याची पद्धत सोयीची वाटते. ग्राहकही संतुष्ट होतो. पण तळमजल्याखालच्या सजावटीत पलंग आणि वातानुकूलन यंत्र दिसले, तर अंदाजपत्रक परत करावे आणि कारण तोंडी न सांगता लेखी द्यावे.

मुळात माणसे उन्हामुळे खाली उतरतात, तेव्हा तो खर्च छतावर करणे अधिक शहाणपणाचे. विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढरा परावर्तक लेप, पश्चिमेच्या भिंतीला सावली यांमुळे वरचीच खोली राहण्याजोगी होते. जुन्या पायावर आणखी मजला चढवायचा असल्यास आधी अभियंत्याकडून पाया तपासून घ्यावा आणि मग झाशी विकास प्राधिकरणाकडे नकाशा द्यावा. या कामाला कर्ज मिळण्यास अडचण नसावी. तळघर आधीपासूनच असेल, तर त्याच्या भिंती उघड्या राहू द्याव्यात, म्हणजे ओल आली की दिसेल. विजेचा फलक वरच्या मजल्यावर हलवावा, उतरणीच्या तोंडाशी उंच उंबरठा घालावा आणि धान्याची पिंपे चौथऱ्यावर ठेवावीत.