खिडकी दिसत नाही, म्हणजे बंद झाली का?



शिरूर असो की दौंड, विहिरीवरची मोटर आपल्या मुलांना लहानपणापासून माहीत असते. स्टार्टरच्या पेटीचं दार लावलं म्हणून मोटर थांबत नाही, लाल बटण दाबावं लागतं. पण हीच मुलं डिप्लोमाला किंवा बीसीएला जावामध्ये प्रोजेक्ट करतात, तेव्हा पेटीचं दार लावतात आणि मोटर बंद झाली असं समजतात. आणि आपण गुण देऊन मोकळे होतो!

होतं काय ते बघा. प्रोजेक्टमध्ये लॉगिन, मुख्य पान, नोंदणी अशा प्रत्येकासाठी मुलं वेगळी जेफ्रेम बनवतात. बटण दाबलं की नवी खिडकी उघडायची आणि जुनीला 'सेटव्हिजिबल फॉल्स' म्हणायचं. स्क्रीनवर सगळं छान दिसतं. पण जुनी खिडकी फक्त लपलेली असते. मागे येताना मुलं पुन्हा 'न्यू लॉगिन' लिहितात, म्हणजे आणखी एक खिडकी तयार. अशा चार फेऱ्या मारा, मागे लपलेल्या खिडक्यांचा ढीग होतो.

फुलीच्या बटणाचंही तसंच. जेफ्रेमला काही सांगितलं नसेल, तर फुली दाबल्यावर ती नुसती लपते. वर्गात एकदा टास्क मॅनेजर उघडून दाखवा. खिडकी गेली, पण जावा चालूच! मुलांचे डोळे उघडतात.

याच्या उलट चूक नेटबीन्समध्ये होते. तिथे नवीन जेफ्रेम फॉर्म घेतला की 'एक्झिट ऑन क्लोज' आधीच लिहून येतं. मग मुलगी नोंदणीची छोटी खिडकी बंद करायला जाते आणि अख्खा प्रोग्रॅमच बंद पडतो. दुसऱ्या खिडकीत भरलेली, न साठवलेली माहितीही गेली.

मग शिकवायचं काय? माझ्या मते तीनच गोष्टी.

पहिली, पानं बदलायची असतील तर फ्रेम एकच ठेवा. आत पॅनेल घ्या आणि कार्डलेआउटने ती बदला. पत्त्यांच्या गड्डीतलं एक पान वर येतं, तसंच. छोट्या प्रश्नोत्तराला जेडायलॉग पुरतो.

दुसरी, दुसरी फ्रेम लागलीच, तर तिला 'डिस्पोज ऑन क्लोज' द्या, आणि काम संपलं की 'डिस्पोज' करा. त्याने खिडकीने अडवलेली साधनं मोकळी होतात. 'एक्झिट ऑन क्लोज' फक्त मुख्य खिडकीला.

तिसरी, माहिती भरायच्या खिडकीला 'डू नथिंग ऑन क्लोज' द्या आणि विंडोलिसनरमध्ये आधी विचारा, 'साठवायचं का?' हो-नाही ऐकून मगच बंद करा.

काही जण म्हणतील, "सर, चालतंय ना, मग कशाला एवढा कीस काढायचा?" परीक्षेपुरतं चालतं, हे खरं. पण उद्या हीच मुलगी एखाद्या पतसंस्थेचं किंवा दवाखान्याचं सॉफ्टवेअर लिहील. तिथे फुली दाबल्यावर कुणाची तरी नोंद गेली, तर ते नुकसान खऱ्या माणसाचं असतं. शिवाय कॉपी केलेल्या कोडमध्ये हेच कच्चे धागे असतात. तोंडी परीक्षेत "फुली दाबल्यावर काय होतं?" एवढंच विचारा. स्वतः केलेलं कोणाचं आणि उचललेलं कोणाचं, लगेच कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रोजेक्टला गुण देताना खिडक्या किती आहेत हे मोजू नका, त्या कशा बंद होतात ते बघा. आणि पालकांनो, तुम्हाला जावा येत नसलं तरी चालेल. मुलांना म्हणा, "तुझा प्रोजेक्ट उघडून दाखव, आणि आता बंद करून दाखव." बंद केल्यावर खरंच बंद झाला का, हेही त्यांनाच तपासायला लावा.