हाताखालच्यांकडून काम घेताना

मैत्रिणींनो, ऑफिसात बढती मिळाली किंवा महिला मंडळाची जबाबदारी अंगावर आली, की पहिला प्रश्न पडतो : चारजणींकडून काम करून घ्यायचं कसं? पुष्कळजणी आवाज चढवतात. त्यानं माणसं मुकाट्यानं काम करतात खरी, पण चूक झाली की ती लपवतात. आणि लपवलेली चूकच शेवटी महागात पडते, बरं का!

लिज्जत पापडाचं उदाहरण बघा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं! आज तिथे हजारो बहिणी काम करतात. पीठ केंद्रावरच ठराविक मापानं मळून मिळतं; म्हणजे काम कसं हवं, यात संशय नाही. घरी लाटून सुकवलेले पापड दुसऱ्या दिवशी तपासून घेतात आणि मजुरी देतात. नफातोटा सर्वांचा.

यातलं आपल्याला काय घेता येईल? काम नेमकं सांगा. झालेलं काम वेळेवर बघा. चुकलं तर रागावण्याआधी, ‘आपण नीट सांगितलं होतं का?’ हे आठवा. बोलायचंच असेल तर बाजूला घेऊन बोला. कौतुक मात्र चारचौघांत करा.

वरिष्ठांपुढे श्रेय स्वतः घेऊन ठपका दुसरीवर ढकलणारीला खुर्ची मिळते, पण अडचणीच्या वेळी तिच्यासाठी कुणी उठत नाही.