टीव्हीच्या कडा कापल्या जातात?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली आणि बऱ्याच घरांतले धडधाकट संगणक अडगळीत जायची वेळ आली. अशा संगणकावर फुकट मिणारे लिनक्स आणि कोडी हा प्रोग्रॅम घालून तो टीव्हीला जोडला, की घरबसल्या सिनेमाची छान सोय होते.

पण जोडल्यावर एक तक्रार हमखास येते. चित्राच्या चारी कडा कापल्या जातात. कोपऱ्यातले घड्याळ अर्धेच दिसते, खालच्या ओळी गायब! सासूबाईंना कमी ऐकू येत असेल आणि त्या ओळी वाचूनच त्यांना गोष्ट कळत असेल, तर ही बाब किरकोळ नाही. ‘तुम्ही बघा गं,’ म्हणून त्या आत निघून जातात. अशा वेळी कुणी नवा टीव्ही घ्यायला सांगितले, तरी घाई करू नका.

जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीत विजेचा दाब आणि संचाचे वय यांप्रमाणे चित्र लहानमोठे होई. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून ते मुद्दामच चौकटीपेक्षा थोडे मोठे ठेवीत. नळी गेली, पण ही सवय कित्येक चपट्या संचांतही राहिली. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात टीव्हीपासून करा. संगणकाचे चित्र लावून ठेवा आणि रिमोटने चित्राच्या आकाराची यादी उघडा. तिथे जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल यांपैकी एखादे नाव असेल, ते निवडा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होते आणि अक्षरेही रेखीव दिसू लागतात. आधीच संगणकातून चित्र लहान केलेत, तर टीव्ही ते पुन्हा ताणतो आणि अक्षरे पुसट होतात.

टीव्हीत तशी सोय नसेल, तरच कोडीकडे वळा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग व्हिडिओ कॅलिब्रेशन असे जा. आधी वरचा डावा कोपरा येईल. बाणांच्या बटणांनी तो पूर्ण दिसेल असा आणा आणि एंटर दाबा. मग खालचा उजवा कोपरा तसाच बसवा. पुढे खालच्या ओळींची जागा येते, ती थोडी वर घ्या. शेवटी एक चौकोन दिसेल. शिवणाच्या टेपने त्याची लांबी-रुंदी मोजा. दोन्ही सारख्या भरल्या, म्हणजे माणसे लांबट किंवा बुटकी दिसणार नाहीत.

हे सगळे झाले, की सासूबाईंच्या नेहमीच्या जागेवर बसून ओळी वाचून पाहा. तिथून नीट वाचता आल्या, की काम झाले म्हणायचे.