शिकार बंद झाली, तरी पक्षी कमी का होतायत? नवी मुंबईच्या तलावांत दडलेलं उत्तर

एप्रिल २०२४ मध्ये नेरूळ परिसरात फ्लेमिंगो मरून पडल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या. कुणी गोळी झाडली नव्हती, कुणी जाळं लावलं नव्हतं. पण डीपीएस शाळेजवळचा सुमारे ३० एकरांचा तलाव कोरडा पडत चालला होता, कारण खाडीतून भरतीचं पाणी आत आणणारे मार्ग बुजले होते. पक्ष्यांना नेहमीची टेकायची जागाच उरली नव्हती.

पक्षी मारणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. मग पक्ष्यांची जागा मारणं काय आहे? नवी मुंबईतला सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पक्षी मारायला लायसन्स मिळायचं?

हो, मिळायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला म्हणजे शिकार एका फटक्यात बंद झाली, असा समज आहे. मूळ कायद्यात ‘स्मॉल गेम’, म्हणजे छोट्या शिकारीची वेगळी अनुसूची होती आणि तिच्यासाठी परवाना देण्याची सोयही होती. परवानाधारकानं किती प्राणी-पक्षी मारले याची नोंद ठेवायची, असंही कलम होतं. ही परवान्यांची व्यवस्था १९९१ च्या दुरुस्तीनं काढून टाकली.

त्याआधीचे आकडे तर आज वाचवत नाहीत. राजस्थानातल्या भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तिथं दगडावर कोरलेला आहे. पण अशा नोंदींतून मेलेले किती एवढंच कळतं. उरलेले किती, हे कुणी मोजत नव्हतं.

(शिकारबंदीचा फटकाही सगळ्यांना सारखा बसला नाही. साहेबांचा आणि संस्थानिकांचा छंद गेला. फासेपारध्यांचं मात्र पोट गेलं, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.)

बंदूक गेली, मग पक्षी वाढले का?

काही वाढले. मोर, कोकीळ आणि पारवा यांचं बरं चाललंय. बाकी चित्र गंभीर आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ या अहवालासाठी सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदी तपासल्या गेल्या. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या २०४ घटल्या होत्या, म्हणजे ६० टक्के. वाढलेल्या फक्त ३६. थापट्यासारखी हिवाळ्यात येणारी बदकंही घटणाऱ्यांत आहेत.

हिवाळी बदकं, चिखलपक्षी आणि फ्लेमिंगो यांचं आयुष्य पाणथळ जागांवर अवलंबून असतं. आणि पाणथळ जागा शहराच्या नकाशावर ‘मोकळा भूखंड’ दिसते.

भरतीच्या वेळी फ्लेमिंगो कुठं जातात?

ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो. खोल पाण्यात त्यांना उभं राहता येत नाही. मग हजारो पक्षी उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या डीपीएस, एनआरआय आणि टीएस चाणक्य या उथळ पाणथळींवर येऊन बसतात. ओहोटी लागली की परत खाडीत. भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे ही ये-जा चालू असते.

म्हणजे खाडी हे त्यांचं जेवणघर आणि तलाव ही विसाव्याची जागा. जेवणघराला चांगलं संरक्षण आहे: २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला. विसाव्याच्या जागा मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर, सिडकोच्या जमिनीवर आहेत. तिथल्या पाणथळींवर गोल्फ कोर्स आणि निवासी इमारतींचा प्रस्ताव होता. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो रोखला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

पण फ्लेमिंगो तर लाखानं येतात!

येतात. जानेवारी २०१९ च्या बीएनएचएसच्या मोजणीत सुमारे १ लाख २१ हजार होते. या आकड्यावर खूश होण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजतं, आणि गर्दी जमण्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं. पक्ष्यांची गर्दी आणि खाडीचं आरोग्य या वेगळ्या गोष्टी आहेत. सांडपाणी आणखी वाढलं तर हेच पाणी त्यांना नकोसं होऊ शकतं.

आता शेजारी विमानतळही आलाय. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाची फ्लेमिंगोंच्या थव्याला धडक बसली आणि ३९ पक्षी मेले. यावरून ‘विमानं उडायची तर तलाव नकोत’ असं कुणाला वाटेल. बीएनएचएसच्या अभ्यासकांनी नेमका उलटा इशारा दिलाय: एनआरआय आणि चाणक्यच्या जागा गेल्या तर पक्षी नवी जागा शोधत विमानतळाकडे सरकू शकतात. थवा कुठं बसणार हे ठरलेलं असणं विमानासाठीही बरं.

अमेरिकेत बदकं वाढली कशी?

‘सायन्स’ नियतकालिकातल्या २०१९ च्या अभ्यासानुसार उत्तर अमेरिकेत १९७० पासून २९० कोटी पक्षी कमी झाले. पण बदकं-हंसांसारखे पाणपक्षी ५६ टक्क्यांनी वाढले, आणि त्यांची तर तिथं कायदेशीर शिकार होते! याचं श्रेय बंदुकीला देता येणार नाही. तिथं १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला ‘डक स्टॅम्प’ विकत घ्यावा लागतो आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या जातात. शिवाय दरवर्षी पक्षी मोजून शिकारीची मर्यादा ठरते. आपण शिकार बंद केली हे योग्यच, पण पाणथळ राखण्यासाठी असा कायमचा पैसा आणि दरवर्षीची मोजणी यांची सोय त्या जागी केली नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. त्यामुळं तिथं इमारत उभी राहणं अवघड होईल. पण हा तलाव भरतीच्या पाण्यावर जगतो. दर्जा कोणताही असो, बुजलेले मार्ग मोकळे करून ते मोकळेच राहतात की नाही, हे प्रत्येक भरतीला बघावं लागणार आहे.