हवाई अंतराची थाप

मंडळी, आजचं भांडण आपल्याच जमातीशी, म्हणजे प्रोग्रामर लोकांशी. दोन ठिकाणांमधलं अंतर काढायचं म्हटलं की आपण डोळे मिटून हॅवरसाइनचा फॉर्म्युला टाकतो. अक्षांश-रेखांश द्या, किलोमीटर घ्या, विषय संपला!

मुंबई-न्यूयॉर्कसाठी फॉर्म्युला झकास आहे, मान्य. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून आखलेली वाट भरते सुमारे १४,२०० किमी. रशिया-स्कँडिनेव्हियावरून जाणारी, नकाशावर वाकडी दिसणारी वाट मात्र १२,५०० च्या आसपास. पण विमान तरी कुठे त्या रेघेवरून जातं? एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला. फॉर्म्युल्यातला एकही आकडा बदलला नाही, तास मात्र वाढले.

आता खाली उतरा. डहाणू ते तलासरी, हवाई अंतर वीस-बावीस किमी. स्क्रीन म्हणते, 'जवळ'. अरे कुणाला जवळ? कावळ्याला? रेल्वे डहाणूतून, हायवे तलासरीतून. पाड्यावरून निघणाऱ्याला आधी पायवाट, मग सडक, मग टमटम, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. पावसात ओढा भरला की सगळंच थांबलं. फॉर्म्युल्याला ओढा दिसत नाही हो!

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किमीच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किमीच्या आत हवी. रेघेने मोजलं तर शाळा 'आत'. ओढ्याला वळसा घालून मोजलं तर 'बाहेर'. पोरगी तीच, दप्तर तेच. एका ओळीच्या कोडवर तिची शाळा ठरू शकते, आणि आपण म्हणतो, "अ‍ॅप्रॉक्सिमेट चालतंय".

बुलेट ट्रेनचंच बघा. मुंबई-अहमदाबाद ५०८ किमी, १२ स्टेशनं. मार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो, पण बोईसरनंतरचं स्टेशन थेट वापी. दोन शहरं 'जवळ' येणार म्हणून आपण टाळ्या वाजवतो. ज्यांच्या जमिनीवरून ती जाणार, त्यांना बोईसर होतं तेवढंच लांब.

कुणी म्हणेल, पाड्यापाड्याच्या रस्त्यांचा डेटा आणायचा कुठून? बरोबर आहे, नसतो. मग तसं प्रामाणिकपणे लिहा ना! 'हवाई अंतर' असं ठळक छापा, 'जवळ' छापू नका. आणि जिथे शाळा-दवाखान्याचा प्रश्न आहे तिथे किलोमीटर सोडून मिनिटं विचारा, तीसुद्धा जुलै महिन्यातली.

असो. सोमवारी हापिसात गेल्यावर आपापल्या कोडमध्ये एकदा 'हॅवरसाइन' शोधून बघा. सापडलं तर स्वतःलाच विचारा, हे विमानासाठी लिहिलंय की माणसासाठी?