अंकी आणि अक्षरी

आमच्या इंदुरातील एका मंडळाने आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीचा हिशेब संगणकावर घेतला. सभासदांची नोंद राखणारी सेवा जावा भाषेत लिहिलेली, आणि कार्यवाहांपुढे उघडणारे पान जावास्क्रिप्टमध्ये. दोनच महिन्यांत एका वृद्ध भगिनीच्या शस्त्रक्रियेसाठी मंजूर झालेली रक्कम भलत्याच गृहस्थांच्या नावे जमा झाली. गृहस्थ प्रामाणिक, त्यांनी होऊन कळविले. पण तोवर आजींच्या हातातील पाटल्या गहाण पडल्या होत्या.

सेवा लिहिणारा म्हणे माझ्याकडे क्रमांक अचूक आहे. पान लिहिणारा म्हणे मी आलेलाच क्रमांक परत धाडला. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते.

नावावरून या दोन भाषा सख्ख्या बहिणी वाटतात. तशा त्या नव्हेत. जावा सन मायक्रोसिस्टिम्सची. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपसाठी अवघ्या दहा दिवसांत उभी केली, आणि जावाचा बोलबाला पाहून तिला त्याच वर्षअखेरीस हे नाव देण्यात आले. आडनाव जुळले म्हणून नाते लागत नाही, हे आपल्या मंडळींना सांगावयास नको.

दोघींची गाठ घालताना पहिला अडसर ब्राउझरचा. यंत्र एकच असले, तरी ३००० या पोर्टावरील पान आणि ८०८० वरील सेवा त्याच्या लेखी परकी. सेवेने उत्तराच्या शिरोभागी तशी अनुमती लिहिल्याखेरीज तो ते उत्तर पानाला वाचू देत नाही. नवशिके येथे रडकुंडीस येतात. पण हा अडसर निदान ओरडून अडवितो. भय आहे ते मुकाट घडणाऱ्या चुकीचे.

जावातील ‘लाँग’ ही संख्या एकोणीस अंकांपर्यंत अचूक जाते. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्येतील पूर्णांकांची खात्री मात्र ९००७१९९२५४७४०९९१ पाशी संपते. त्यापुढच्या टप्प्यात तिला विषम पूर्णांक धरताच येत नाहीत. आजींच्या क्रमांकाच्या शेवटी ९९३ होते. जेसॉनच्या मजकुरात ते तसेच आले. पानाने तो मजकूर वाचून संख्या केली, तो शेवटी ९९२ झाले. तक्रार नाही, सूचना नाही. आणि ९९२ हे त्या गृहस्थांचे!

उपाय आपल्या पावतीपुस्तकात पूर्वीपासून आहे. रक्कम अंकी लिहून आपण थांबत नाही, अक्षरीही लिहितो. येथेही सेवेने क्रमांकाभोवती अवतरणचिन्हे घालून तो अक्षरी धाडावा. सभासद क्रमांकाची बेरीज-वजाबाकी करावयाची कोणाला आहे? ट्विटरने २०१० मध्ये हेच केले होते: प्रत्येक संदेशाचा क्रमांक अंकी आणि अक्षरी असा दुहेरी देऊ लागले. जावास्क्रिप्टमध्ये २०२० पासून मोठ्या पूर्णांकांसाठी ‘बिगइंट’ आहे. परंतु जेसॉन वाचताना तो आपणहून लागू होत नाही, त्यामुळे त्यावर विसंबणाऱ्यांची फसगत होते.

दुरुस्ती एका संध्याकाळची ठरली. पाटल्या सुटल्या, व्याज मंडळाने भरले. आता त्या दोन महिन्यांतील प्रत्येक नोंद ठरावांच्या हस्तलिखित वहीशी ताडून पाहणे चालू आहे. ती वही रद्दीत घालण्याचा प्रस्ताव मागील सभेत वेळेअभावी राहून गेला होता.